उरलेला काळ कोणाचा

बेळगावहून खानापूरकडे निघालेल्या सडकेवर शहराची वस्ती विरळ होत जाते तोच मच्छे लागते. आणि कारखान्यांची वसाहत व भाताची शेते यांच्या मधोमध वाढलेल्या या गावात एकच कुटुंब एकाच वेळी तीन निरनिराळ्या कालगणनांत नांदत असते, ही गोष्ट तेथील लोकांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही नवल आहे असे कोणास वाटत नाही. थोरला मुलगा कारखान्याच्या पाळीला जातो तो इंग्रजी तारखेने, आणि त्याचा पगारही त्याच तारखेने होतो. बाप भाताची पेरणी धरतो ती सूर्य रोहिणीत आला की मृगात शिरला हे पाहून. आणि आई एकादशी धरते, संकष्टी सोडते, सासऱ्यांचे श्राद्ध घालते ते चंद्राच्या तिथीने. घराच्या भिंतीवर टांगलेल्या एकाच दिनदर्शिकेच्या एकाच चौकटीत हे तिन्ही काळ शेजारी शेजारी छापलेले असतात. ते परस्परांशी भांडत नाहीत हे खरे, पण परस्परांशी जुळतही नाहीत. आणि न जुळण्याचे कारण छापणाऱ्याच्या किंवा गणित करणाऱ्याच्या हातात नाही.

दर चार वर्षांनी फेब्रुवारीस एक दिवस जोडला जातो आणि दर तीन वर्षांनी पंचांगास एक महिना जोडला जातो, एवढे ज्ञान आपल्याकडे शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसासही असते. पण पहिल्या गोष्टीकडे आपण सरकारी बंदोबस्त म्हणून पाहतो आणि तिचा धर्माशी काही संबंध असेल अशी शंकाही मनास शिवू देत नाही. दुसरीकडे निव्वळ धर्मविधी म्हणून पाहतो आणि तिच्या पोटी गणित आहे हे विसरून जातो. माझे म्हणणे असे आहे की दोन्हीकडे प्रश्न एकच आहे, आणि तो मूलतः धार्मिक आहे: आकाशातील गतीस मनुष्याच्या मापाने भागले असता जी बाकी उरते, ती कोणाच्या खाती जमा करावयाची?

सूर्य वसंतसंपातापासून निघून पुन्हा वसंतसंपातास येईपर्यंत ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटे आणि सुमारे ४५ सेकंद लागतात. पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे आणि सूर्याभोवती फिरणे या दोन स्वतंत्र गती आहेत, आणि एकीने दुसरीस निःशेष भाग जावा असा कोणताही नियम सृष्टीत नाही. ज्यूलियस सीझरने इसवी सनापूर्वी ४५ या वर्षापासून वरचे तास पाव दिवसाइतके धरून दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढविण्याची तजवीज केली. परंतु पाव दिवस म्हणजे पुरे सहा तास, आणि खरी बाकी त्याहून सव्वाअकरा मिनिटांनी कमी. ही चूक इतकी क्षुल्लक की एका जन्मात कोणाच्या ध्यानातही येऊ नये; पण १२८ वर्षांत तिचा एक दिवस होतो, आणि सोळाव्या शतकात ज्या वसंतसंपातावर ईस्टरचा सण बांधलेला होता तो २१ मार्चऐवजी ११ मार्चच्या सुमारास येऊ लागला होता. तेव्हा तेराव्या ग्रेगरी या पोपने १५८२ साली दहा तारखा गाळून टाकल्या, ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला, आणि यापुढे शतकाच्या वर्षांपैकी ज्यांस ४०० ने भाग जातो तेवढीच लीप धरावीत असे ठरले. म्हणून १९०० साली २९ फेब्रुवारी नव्हती, २००० साली होती, आणि २१०० साली नसेल. मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. मध्ये १९०० साल आल्यामुळे त्यांच्या जन्मतारखेचा पहिला वाढदिवस ते आठ वर्षांचे झाले तेव्हा, १९०४ साली आला. ‘दर चार वर्षांनी’ हा आपला पाठ अशा ठिकाणी अपुरा पडतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, आज कचेरीत व कारखान्यात जी तारीख पूर्णपणे ऐहिक समजली जाते, ती एका सणाच्या चिंतेतून, एका धर्मगुरूच्या हुकुमाने दुरुस्त झालेली आहे.

या हुकुमास सर्वांनी मान दिला नाही. पोर्तुगालने तो तत्काळ पत्करला आणि गोवा पोर्तुगालच्या अमलाखाली होता. इंग्रजांनी मात्र रोमच्या पोपचे ऐकावयाचे नाही म्हणून १७५२ पर्यंत जुनेच वर्ष चालविले. त्यामुळे दीर्घकाळ आपल्या पश्चिम किनाऱ्यावर एकाच सूर्योदयास दोन तारखा होत्या. वसईचा किल्ला चिमाजी आप्पांच्या हवाली करण्याचा करार पोर्तुगीज गणनेने १६ मे १७३९ चा आणि इंग्रजी गणनेने ५ मे १७३९ चा. ज्या प्रांतात युरोपियांच्या दोन दफ्तरांत अकरा दिवसांचे अंतर होते, त्याच प्रांतातील मराठी कारकुनाने तोच दिवस तिथी व वार लिहून निःसंदिग्ध नोंदवून ठेवावा, ही आपल्या कालगणनेची थोरवी आहे, आणि तिचा उल्लेख आपण पुरेसा करीत नाही असे मला वाटते.

तथापि त्या कारकुनाच्या कागदावर तिथीखेरीज आणखी एक साल असे, आणि त्याची हकीकत या विषयात फार बोधक आहे. इस्लामी वर्ष केवळ चंद्राचे. बारा चांद्रमासांचे मिळून ३५४ दिवस, आणि सौर वर्षापेक्षा जे अकरा दिवस कमी पडतात ते भरून काढण्यासाठी अधूनमधून महिना वाढविण्याची अरबांची जी पूर्वापार चाल होती ती कुराणाने निषिद्ध ठरविली. महिने बारा, ते ईश्वराने ठरविलेले, आणि त्यांत मनुष्याने आपल्या सोयीसाठी भर घालू नये, हा त्यामागचा भाव आहे; आणि त्याचे फळ असे की रमजानचा महिना सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो, उपवासाचा कडक उन्हाळा कोणा एका पिढीच्या किंवा एका देशाच्या वाट्यास कायमचा येत नाही. ही व्यवस्था मला धर्मदृष्ट्या अत्यंत निर्मळ वाटते. पण पीक ईश्वराच्या चंद्राप्रमाणे येत नाही, सूर्याप्रमाणे येते. आणि जमाबंदीचा वसूल पिकावाचून होत नाही. म्हणून दक्षिणेत चौदाव्या शतकात सुहूर सन सुरू झाला, ज्यास आपले लोक सुरसन किंवा मृगसाल म्हणत: आकडा हिजरीवरून घेतलेला, वर्ष मात्र सौर, आणि आरंभ सूर्य मृगनक्षत्री जाण्याच्या दिवशी. त्या आकड्यात ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन निघतो. शिवकाळापासून पेशवाईच्या अखेरपर्यंत मराठी दफ्तरांत हा सन चालला, आणि मुसलमान सुलतानांनी घातलेली गणना हिंदू राजांच्या सरकारांनी काही किंतु न बाळगता वापरली. मच्छ्याचा शेतकरी आजही मृगाला जे महत्त्व देतो त्यात या साऱ्या महसुली इतिहासाचा एक तंतू गुंतलेला आहे.

आपण हिंदूंनी उरलेल्या काळाचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. चंद्राचा एक महिना सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटांचा. सूर्यास एक राशी ओलांडण्यास साधारणपणे त्याहून अधिक वेळ लागतो. तेव्हा कधी ना कधी असा एक चांद्रमास येतोच की ज्याच्या दोन अमावास्यांच्या दरम्यान सूर्याची एकही संक्रांत पडत नाही. तो अधिक मास. त्याचे नाव पुढच्या महिन्याचे, आणि मान मात्र कोणाचाच नाही. असे सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एकदा घडते, आणि एकोणीस वर्षांत सात वेळा घडले की सूर्य व चंद्र यांचा हिशेब जवळजवळ बरोबर होतो. २००४ साली श्रावण अधिक आला होता तो एकोणीस वर्षांनी २०२३ साली पुन्हा आला, याचे कारण हेच. सूर्याची चाल वर्षभर सारखी भासत नाही. जुलैच्या आरंभी पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते म्हणून उन्हाळ्या-पावसाळ्यातील सौर महिने साडेएकतीस दिवसांपर्यंत लांबतात आणि अधिक मास बहुधा चैत्र ते आश्विन यांतच पडतो. हिवाळ्यात हेच महिने साडेएकोणतीस दिवसांहूनही आखूड होतात, आणि क्वचित एका चांद्रमासात दोन संक्रांती येऊन तो महिनाच लुप्त होतो. असा क्षयमास १९६३-६४ मध्ये आला, १९८२-८३ मध्ये आला, आणि यापुढचा २१२३-२४ मध्ये यावयाचा आहे. ही सारी योजना नियमापेक्षा निरीक्षणावर उभी आहे. चार वर्षांनी एक दिवस अशी घोकंपट्टी येथे चालत नाही, सूर्य राशीत शिरला की नाही हे पाहावे लागते.

आता या उपऱ्या महिन्याकडे धर्माने कसे पाहिले? पुरुषोत्तममाहात्म्यातील कथा सर्वांस ठाऊक आहे: बारा महिन्यांस बारा अधिपती होते, या तेराव्यास कोणी नव्हता, त्याला मल म्हणून सर्वांनी झिडकारले, तो रडत विष्णूकडे गेला, आणि भगवंताने त्याला आपल्या पदरी घेऊन आपलेच नाव दिले. मला ही कथा आपल्या पुराणवाङ्मयातील अत्यंत खोल कथांपैकी एक वाटते. आपल्या गणितात जे बसले नाही, ज्यावर कोणाचा हक्क नाही, जे व्यवहारास निरुपयोगी आहे, ते ईश्वराचे, असा निवाडा तिने दिला आहे. रोमन लोकांनी आपली बाकी सर्वांत आखूड महिन्याच्या पोटात दडवून टाकली, इतकी की तो दिवस एरवीच्या दिवसासारखाच कामात व पगारात जमा होतो. आमच्या पूर्वजांनी ती बाकी साठवून तिचा एक पुरा महिना केला आणि त्या महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, गृहप्रवेश नाही, फळाच्या अपेक्षेने आरंभावयाचे कोणतेच काम्य कर्म नाही असा दंडक घातला. नित्याची संध्या, रोजची पूजा, दान, नामस्मरण मात्र चालू. लोक म्हणतात अधिक महिना अशुभ. तो अशुभ नाही. तो आपल्या हिशेबाबाहेरचा आहे, म्हणून त्यात आपले हेतू घेऊन जावयाचे नाहीत, एवढेच. बेळगाव-निपाणीकडच्या घरांतून या धोंड्याच्या महिन्यात जावयास जे तेहतीस अनारशांचे वाण देतात, त्यातील आकडाही साडेबत्तीस महिन्यांच्या या फेऱ्याशी जुळतो.

काशीनाथ उपाध्ये यांनी १७९० च्या सुमारास पंढरपुरी सिद्ध केलेल्या धर्मसिंधूत या प्रकरणाचा जो ऊहापोह आहे, तो वाचताना शास्त्रकारांची दया आणि काटेकोरपणा ही दोन्ही एकदम प्रत्ययास येतात. अधिक मासात जो मनुष्य मृत्यू पावला, त्याचे श्राद्ध कधी करावयाचे? दरवर्षी तो महिना येणार नाही. तर इतर वर्षी त्याच नावाच्या शुद्ध महिन्यात करावे, आणि पुन्हा तोच महिना अधिक येईल तेव्हा त्या अधिकातच करावे, असा निर्णय आहे. म्हणजे मृताची खरी तिथी विसरावयाची नाही, आणि ती नाही म्हणून त्याला उपाशीही ठेवावयाचे नाही. २९ फेब्रुवारीस जन्मलेल्यांच्या वाढदिवसाचा निकाल करताना आजचे व्यवहारपंडित जे म्हणतात ते याहून निराळे नाही, पण इतक्या मायेने ते कोणी म्हटलेले नाही.

येथपर्यंत परंपरेची बाजू. पण ज्या परंपरेने चंद्राच्या बाकीचा इतका सूक्ष्म विचार केला, तिने सूर्याच्या एका बाकीकडे दीर्घकाळ डोळेझाक केली आहे, आणि ते सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. आपले वर्ष ताऱ्यांच्या हिशेबाने चालते; ते ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे; त्यामुळे संक्रांत दर सत्तर-बहात्तर वर्षांत एक तारीख पुढे सरकते. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमीस झाला, आणि तो मकरसंक्रांतीचा दिवस होता असे आपण सर्रास सांगतो. वस्तुतः त्या साली संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती. आज ती १४ किंवा १५ जानेवारीस येते, आणि ज्या उत्तरायणाच्या नावाने आपण तीळगूळ वाटतो ते उत्तरायण २२ डिसेंबरच्या आसपासच सुरू झालेले असते. ही तफावत आपल्या विद्वानांनी ओळखली नव्हती असे नाही. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ साली दृक्प्रत्ययी गणिताचे पंचांग सुरू केले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिताना सायन-निरयन, म्हणजे ऋतूंचे वर्ष धरावे की ताऱ्यांचे, या वादाची सांगोपांग चिकित्सा केली. बागलकोटच्या शाळेत शिकविणारे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी ज्योतिर्गणित रचून पंचांगास नवा पाया दिला. पण राशिचक्राचा आरंभबिंदू कोणता धरावयाचा यावर केतकरांचा चित्रापक्ष आणि टिळकांचा रैवतपक्ष यांच्यात सुमारे चार अंशांचा भेद राहिला. परिणामी काही वर्षी टिळक पंचांगात अधिक मास निराळा येतो आणि त्या घरांत गणपती महिनाभर अलीकडे-पलीकडे बसतो. पुढे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली पंचांगसुधारणा समिती नेमली गेली. तीत पुण्याचे ज. स. करंदीकर आणि नागपूरचे के. ल. दप्तरी हे आपले दोघे होते. समितीने राष्ट्रीय दिनदर्शिका दिली, ती २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ म्हणून सुरू झाली. लीप वर्षी तिचा चैत्र २१ मार्चला सुरू होऊन ३१ दिवसांचा होतो. धार्मिक पंचांगासाठी समितीने अयनांश, म्हणजे वसंतसंपात व राशिचक्राचा आरंभबिंदू यांतील अंतर, २३ अंश १५ कलांवर स्थिर करावेत, म्हणजे सण निदान यापुढे ऋतूंपासून सरकणार नाहीत, अशी मध्यममार्गी शिफारस केली. पंचांगकर्त्यांनी ती मानली नाही. सरकारी राजपत्राच्या माथ्यावर आणि आकाशवाणीच्या निवेदनात राष्ट्रीय तारीख उरली. देवघरात ती शिरली नाही.

ती का शिरली नाही याचा विचार मी पुष्कळ केला आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात काळाविषयी एक विलक्षण सिद्धांत आहे: क्षण तेवढा सत्य, मुहूर्त व अहोरात्र इत्यादी समुदाय हे बुद्धीने निर्माण केलेले, वस्तुशून्य. वैशेषिकांचे मत याच्या उलट, की काळ हे एक, नित्य व अखंड द्रव्य आहे आणि दिवस-महिने हे त्याचे उपाधिकृत भेद. दोहोंपैकी कोणतेही मत घेतले तरी एक गोष्ट निष्पन्न होते: एकादशी किंवा संक्रांत ही काळाच्या अंगावर जन्मतः उमटलेली खूण नव्हे. मग पुण्य कशात आहे? माझ्या मते आपल्या पवित्र दिवसांच्या दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत हेच साऱ्या वादाचे मूळ आहे. काही दिवस आकाशाला उद्देशून आहेत: अमावास्या, पौर्णिमा, ग्रहण, उत्तरायण. तेथे आकाश जे म्हणेल ते प्रमाण. सूर्य वळून तेवीस-चोवीस दिवस झाल्यावर तो आज वळला असे म्हणून अर्घ्य देणे हे माझ्या दृष्टीने सत्यास सोडून आहे, आणि साहा समितीचे म्हणणे येथे मानावयास हवे होते. काही दिवस मात्र मनुष्यांनी मनुष्यांस दिलेल्या शब्दाचे आहेत. त्यांचा आधार खगोल नव्हे, स्मरण आहे. १ नोव्हेंबर ही तारीख घ्या: १९५६ च्या राज्यपुनर्रचनेमुळे त्या दिवशी बेळगावात कन्नड भाषिक राज्योत्सव करतात आणि मराठी भाषिक काळा दिन पाळतात, सूर्य, चंद्र, वार, तिथी सर्व एकच, आणि दिवस मात्र दोन.

या दोन जाती जेथे एकमेकींत मिसळतात असे आपल्या भागातील ठळक उदाहरण म्हणजे शिवजयंती. जुन्या समजुतीप्रमाणे महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाख शुद्ध द्वितीयेचा. लोकमान्यांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्धीस आणली, तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असे निघाले, आणि पुढे महाराष्ट्र शासनाने त्यावरून १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. ही तारीख ज्यूलियन आहे. त्याच शुक्रवारी गोव्याच्या पोर्तुगीज दफ्तरात १ मार्च होता. ग्रेगोरियन गणनेची चारशे वर्षे बरोबर २०,८७१ आठवड्यांची असतात, म्हणून १ मार्च १६३० चा वार कोणासही पडताळता येईल: १ मार्च २०३० रोजीही शुक्रवारच आहे. शकावलीकाराने लिहिलेला वार असा शतकांपलीकडून खरा ठरतो, यात मला केवळ गणिताचे समाधान नाही. ज्याने तो लिहिला त्याच्या सचोटीचा तो पुरावा आहे. आणि तरीही बेळगाव व त्याच्या भोवतालची मच्छे-येळ्ळूरसारखी गावे शिवजयंती करतात ती वैशाखातच. चित्ररथ निघतात ते वैशाखात, राजहंसगडाच्या परिसरातील मुले भगवे झेंडे घेऊन धावतात ती वैशाखात. त्यांनी हा उत्सव सोडावा असे मी म्हणणार नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या एकत्र येण्याचा जो शब्द त्यांनी एकमेकांस दिला आहे तो मोडण्याचा अधिकार कोणत्याही शकावलीस नाही. पण त्याच व्यासपीठावरून, त्याच दिवशी, महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीयेचा हेही स्पष्ट सांगितले गेले पाहिजे, कारण स्मरणाच्या नावाखाली नोंद पुसून टाकण्याचा अधिकार उत्सवासही नाही.

वैशाखातील या द्वितीयेस लागूनच दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया, आणि तीच कर्नाटकात बसवजयंती. त्यामुळे बेळगावात दोन भाषांचे दोन उत्सव एकाच चंद्रकोरीच्या खाली पाठोपाठ येतात. पाडवा आणि युगादी एक, शालिवाहन शक एक, अमावास्येस महिना संपविण्याची रीत एक. २०१० साली वैशाखच अधिक आला. अधिकात जयंती करावयाची नाही हा नियम मराठी पंचांगांत होता तसाच कन्नड पंचांगांतही होता. म्हणून त्या वर्षी वैशाखाची पहिली द्वितीया व तृतीया दोन्ही समाजांनी तशाच जाऊ दिल्या, महिनाभर थांबले, आणि १६ मे रोजी, निज म्हणजे शुद्ध वैशाखात, अक्षय्य तृतीया व बसवजयंती आली.